उद्योगनेतृत्वाची बांधिलकी आणि कार्यस्थळावरील सामाजिक समावेशन : खाजगी क्षेत्राच्या ऐच्छिक आचारसंहितेचा एक अभ्यास

सारांश

कार्यस्थळावरील वैविध्य व समावेशन यांबाबत उद्योगसमूहांचे प्रमुख वेळोवेळी जाहीर संकल्प करीत असतात. हे संकल्प प्रत्यक्ष व्यवहारात कोणत्या अटींवर उतरतात, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात भारतीय उद्योगसंघटनांनी २००६ नंतर पुरस्कारलेल्या सकारात्मक कृतीच्या आचारसंहितेच्या आधारे केला आहे. नेतृत्वाची इच्छा आवश्यक असली तरी ती पुरेशी नसते. भरतीची पद्धत, नोंदी आणि त्या नोंदींची जाहीर तपासणी यांत तिचे रूपांतर झाले तरच ती टिकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वैविध्य, समावेशन, सकारात्मक कृती, आचारसंहिता, भरतीप्रक्रिया, उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकामाचे खाते, म्हणजे गिरणीच्या बोलीतील साचाखाते, हे तुलनेने चांगल्या मजुरीचे खाते होते. या खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यामुळे 'विटाळ' होतो, असे कारण सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांसमोर मांडला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही बंदी कोणत्याही कायद्यात नव्हती. ती कामाच्या पद्धतीत, सहकाऱ्यांच्या पूर्वग्रहात आणि व्यवस्थापनाच्या मौनात होती. नव्या कामगाराची भरती बहुधा जॉबरच्या हाती असे आणि जॉबर आपल्या गावच्या, नात्यातल्या व जातीतल्या माणसांना प्राधान्य देई.

आज जॉबर राहिलेला नाही. त्याच्या जागी मनुष्यबळ विभाग आला आहे. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत 'वैविध्य' आणि 'समावेशन' या शब्दांना मानाचे स्थान मिळाले आहे. तथापि, कायद्यात न लिहिलेली बंदी केवळ जाहीर संकल्पाने उठते काय, हा प्रश्न कायम आहे. पदवी घेऊन नोकरीच्या शोधात बाहेर पडणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याचा आहे.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

वैविध्य ही संख्येची बाब आहे. मनुष्यबळात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, धार्मिक अल्पसंख्य, दिव्यांग, तृतीयपंथी इत्यादी घटकांचे प्रमाण किती, हे ती सांगते. समावेशन ही अनुभवाची आणि अधिकाराची बाब आहे. नेमणूक झालेल्या व्यक्तीला बढती, प्रशिक्षण, निर्णयातील सहभाग आणि सन्मान मिळतो की नाही, हे त्यावरून कळते. आरक्षण हे कायद्याने बंधनकारक असते. सकारात्मक कृतीत मात्र निश्चित राखीव जागा नसतात. वंचित घटकांना संधीपर्यंत पोहोचता यावे म्हणून केलेले विशेष प्रयत्न तीत अभिप्रेत असतात.

३. ऐच्छिक आचारसंहितेची पार्श्वभूमी

२००४ मध्ये सत्तेवर आलेल्या संयुक्त पुरोगामी आघाडीच्या किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातील आरक्षणाबाबत उद्योगांशी संवाद करण्याचे आश्वासन होते. एप्रिल २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी भारतीय उद्योग महासंघाच्या व्यासपीठावरून उद्योगांना स्वेच्छेने पुढाकार घेण्याचे आवाहन केले. कायद्याची शक्यता समोर दिसत असल्याने प्रतिसाद लवकर मिळाला. टाटा स्टीलचे माजी व्यवस्थापकीय संचालक डॉ. जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय उद्योग महासंघ आणि असोचॅम यांचा कृतिदल स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याचा अहवाल सादर झाला. बंधनकारक आरक्षणाऐवजी ऐच्छिक आचारसंहिता, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षण आणि वंचित घटकांतील उद्योजकांना साहाय्य, असा त्याचा सर्वसाधारण रोख होता.

या आचारसंहितेतील प्रमुख कलमे पुढीलप्रमाणे सांगता येतील : कंपनी जाणीवपूर्वक भेदभाव करणार नाही अथवा त्याला पाठिंबा देणार नाही; आवश्यक पात्रता असलेल्या वंचित घटकांतील उमेदवारांना डावलले जाणार नाही; व्यावसायिक प्रस्ताव समान असल्यास वंचित घटकातील भागीदाराची निवड होईल; सकारात्मक कृतीच्या नोंदी ठेवल्या जातील; आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला उत्तरदायी असलेला वरिष्ठ अधिकारी या कामासाठी नेमला जाईल. टाटा समूहासारख्या काही समूहांनी शिक्षण, रोजगारक्षमता, रोजगार आणि उद्योजकता या क्षेत्रांसाठी स्वतंत्र कार्यक्रमही आखले.

४. 'जाणीवपूर्वक' या शब्दाची मर्यादा

संहितेतील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'जाणीवपूर्वक' हा आहे. भेदभाव जाणीवपूर्वक होतो असे गृहीत धरले, तर प्रामाणिक नेतृत्वाने तो न करण्याचे ठरवणे पुरेसे ठरते. त्याच सुमारास झालेल्या संशोधनाने हे गृहीतक डळमळीत केले.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा या विषयावरील अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. अर्जदारांची पात्रता सारखी ठेवून केवळ नावे बदलण्यात आली होती. काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, तर काही मुस्लिम ओळख दर्शवणारी होती. पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण उच्चवर्णीय नावासाठी १ धरले असता दलित नावासाठी ते ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ आढळले. म्हणजे मुलाखतीच्या आधीच, अर्जावरील नावाच्या ओळीतच, संधी कमी होत होती. अर्ज चाळणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने हे ठरवून केले असे मानण्याचे कारण नाही. परंतु परिणाम मात्र ठरवून केल्यासारखाच होता.

याच नियतकालिकाच्या त्याच काळातील एका लेखात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखतींचे विश्लेषण केले आहे. हे व्यवस्थापक गुणवत्तेलाच एकमेव निकष मानतात. तथापि उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' जाणून घेणे त्यांना आवश्यक वाटते. वडील काय करतात, घरी किती माणसे शिकलेली आहेत, या प्रश्नांच्या उत्तरांतून शिस्त, संस्कार आणि आत्मविश्वास यांचा अंदाज बांधला जातो. ज्याच्या घरात नोकरदाराची परंपरा नाही, त्याला हा प्रश्न निरुपद्रवी वाटत नाही. जॉबरच्या काळातील ओळखीपाळखीचा निकष येथे सुसंस्कृत भाषेत पुन्हा अवतरतो, असे म्हणता येईल.

निर्णय घेणाऱ्यांची रचनाही या संदर्भात विचारात घ्यावी लागते. डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांची पाहणी केली. संचालकांपैकी सुमारे ९३ टक्के व्यक्ती उच्च जातींतील होत्या. अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण सुमारे ३.५ टक्के होते. ज्या मंडळातील बहुतेकांना 'कौटुंबिक पार्श्वभूमी'चा प्रश्न कधी अडचणीचा वाटलाच नसेल, त्या मंडळाला त्या प्रश्नातील अन्याय आपणहून दिसणे कठीणच आहे.

५. व्यक्तीची इच्छा आणि संस्थेची व्यवस्था

नेतृत्वाची इच्छा निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. १९७४ मध्ये टेल्कोच्या एका जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये, असे म्हटले होते. अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असलेल्या सुधा कुलकर्णी, म्हणजेच पुढे ख्यातनाम झालेल्या सुधा मूर्ती, यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पत्र लिहून आक्षेप घेतला. त्यांना मुलाखतीस बोलावले गेले आणि त्या कंपनीत अभियंता म्हणून रुजू झाल्या. हे उदाहरण नेहमी नेतृत्वाच्या मोठेपणासाठी सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. ती संधी एका पत्रावर आणि ते वाचणाऱ्या एका व्यक्तीवर अवलंबून होती. ज्यांनी तीच जाहिरात वाचून मुकाट्याने कागद बाजूला ठेवला, त्यांची नोंद कोठेही नाही.

व्यवस्था आणि सदिच्छा यांतील फरक स्त्री-संचालकांच्या बाबतीत अधिक स्पष्ट होतो. कंपनी कायदा, २०१३ अन्वये विशिष्ट वर्गातील कंपन्यांच्या संचालक मंडळात किमान एक स्त्री असणे बंधनकारक झाले. अनेक कंपन्यांनी प्रवर्तकांच्या पत्नी, कन्या अथवा अन्य नातेवाईक स्त्रियांची नेमणूक करून नियमाचे शब्दशः पालन केले. त्यानंतर सेबीने आघाडीच्या ५०० सूचीबद्ध कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून आणि १,००० कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२० पासून किमान एक स्वतंत्र स्त्री-संचालक असण्याची अट घातली. नियमात 'स्वतंत्र' हा एक शब्द आल्याने नातेवाइकांची वाट बंद झाली. नियम जितका नेमका, तितकी पळवाट अरुंद, हा यातील बोध होय.

पुरवठादारांच्या निवडीतही हेच आढळते. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराज स्वतः चहा घेत, तेव्हा ग्राहक म्हणून नेतृत्व काय करू शकते, याचा वस्तुपाठ समाजासमोर आला. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संघटनेनेही बाजारपेठेतील प्रवेशाचा आग्रह धरला. सार्वजनिक खरेदीच्या २०१२ च्या धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट निश्चित झाले. ते शासकीय विभाग व सार्वजनिक उपक्रमांपुरते आहे. खाजगी कंपन्यांसाठी मात्र 'प्रस्ताव समान असल्यास' एवढेच संहितेचे कलम उरते. दोन प्रस्ताव तंतोतंत समान असण्याचा योग व्यवहारात क्वचितच येतो.

६. नोंदींचा आणि कक्षेचा प्रश्न

संहितेने नोंदी ठेवण्यास सांगितले. त्या जाहीर करण्याचे बंधन घातले नाही. सेबीने २०२१ मध्ये आणलेल्या आणि २०२२-२३ पासून आघाडीच्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बंधनकारक केलेल्या व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवालात कर्मचाऱ्यांची संख्या लिंगभाव आणि दिव्यांगत्व यांनुसार द्यावी लागते. यामुळे वर्षागणिक तुलना शक्य झाली आहे. मात्र कर्मचाऱ्यांच्या या तक्त्यांत जाती-जमातींसाठी रकाना नाही. ज्या प्रश्नासाठी २००६ ची संहिता जन्माला आली, त्याच प्रश्नाचा आकडा सक्तीच्या अहवालात अनुपस्थित आहे.

दुसरा प्रश्न कक्षेचा आहे. वार्षिक उद्योग सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये संघटित कारखान्यांतील कामगारांत कंत्राटी कामगारांचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता. सफाई, चढउतार, पहारा, उपाहारगृह ही कामे बहुधा कंत्राटदारामार्फत होतात. मुख्यालयातील समावेशनाचे धोरण कारखान्याच्या फाटकावरील या माणसांपर्यंत पोहोचत नसेल, तर समावेशन हे कायम कर्मचाऱ्यांपुरतेच राहते.

तिसरा प्रश्न खर्चाचा आहे. प्रसूतिलाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने सवेतन रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु रजावेतनाचा भार प्रामुख्याने मालकावरच असल्याने लहान आस्थापना स्त्रियांच्या नेमणुकीबाबत कचरण्याचा धोका निर्माण होतो. अशा वेळी नेतृत्वाचा संकल्प खऱ्या अर्थाने कसोटीला लागतो.

७. संकल्पांची अस्थिरता

पुणे-मुंबईतील अनेक बहुराष्ट्रीय कंपन्यांची समावेशनाची धोरणे अमेरिकेतील मुख्यालयांत ठरतात. म्हणून तेथील घडामोडी दुर्लक्षिता येत नाहीत. २०१७ पासून तेथील शेकडो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी वैविध्याच्या जाहीर प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशांतील वंशाधारित विचार अमान्य केला आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारी कंत्राटदारांवर सकारात्मक कृतीचे बंधन घालणारा १९६५ चा आदेश रद्द झाला. या काळात वॉलमार्ट, फोर्ड, मेटा यांसारख्या कंपन्यांनी आपले कार्यक्रम आवरते घेतले. उलट कॉस्टको कंपनीच्या भागधारकांनी अशा कार्यक्रमांना आव्हान देणारा ठराव जानेवारी २०२५ मध्ये प्रचंड बहुमताने फेटाळला. वारा बदलताच जे संकल्प मागे घेतले गेले, ते संस्थेच्या व्यवस्थेत कितपत मुरले होते, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) नेतृत्वाची बांधिलकी ही समावेशनाची सुरुवात आहे, नाव झाकून अर्जांची छाननी, सर्वांना सारखे व पूर्वनिश्चित प्रश्न आणि लेखी गुणांकन यांसारख्या पद्धतींतून ती भरतीप्रक्रियेत उतरणे आवश्यक आहे.

२) 'जाणीवपूर्वक भेदभाव' हा निकष अपुरा असून परिणामांच्या मोजणीवर आधारित निकष स्वीकारणे गरजेचे आहे.

३) सामाजिक गटनिहाय आकडे, व्यक्तींची ओळख गोपनीय राखून, पदांच्या श्रेणीनुसार जाहीर व्हावयास हवेत आणि कंत्राटी कामगारांचा त्यांत समावेश असावा.

४) महाविद्यालयांनाही या प्रक्रियेत भूमिका आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ अन्वये प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करणे अपेक्षित आहे. विद्यार्थ्यांच्या निवडीसाठी येणाऱ्या कंपनीकडे रोजगार मार्गदर्शन कक्षाने हे धोरण मागावे. किती विद्यार्थ्यांनी अर्ज केले, कितींना बोलावणे आले आणि कितींची निवड झाली, याची गटनिहाय नोंद महाविद्यालयाने स्वतः ठेवावी. 'कौटुंबिक पार्श्वभूमी'च्या प्रश्नाला सामोरे जाण्याची तयारी विद्यार्थ्यांकडून करून घेतली जाते. तो प्रश्न मुळात का विचारला जातो, अशी विचारणा कंपनीच्या प्रतिनिधींकडे करण्याचा अधिकारही प्राध्यापकवर्गाला आहे आणि तो वापरला जाणे अगत्याचे आहे.