मंगळयान रिक्षापेक्षा स्वस्त? हा हिशेब नेमका कुठे गंडतो

इस्रोची कुठलीही मोहीम आली की आपल्या फोनवर दोन मेसेज ठरलेले असतात. पहिला, "इथे खड्डे बुजवायला पैसे नाहीत आणि निघाले चंद्रावर." दुसरा, "अरे, आपलं यान तर सिनेमापेक्षा स्वस्तात जातं!" मग ग्रुपवर दिवसभर जुंपते. गंमत म्हणजे दोन्ही बाजू भांडतात ते किमतीवरून. यान तिथे जाऊन काय करणार, हे विचारणारा एखादाच.

यातला दुसरा मेसेज आधी घेऊ, कारण तो आपल्याला जास्त आवडतो.

मंगळयानाचा खर्च साधारण ४५० कोटी रुपये आणि प्रवास सुमारे ६५ कोटी किलोमीटर. भागाकार केला की किलोमीटरला ७ रुपये पडतात. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी हाच हिशेब मांडला होता. अहमदाबादच्या रिक्षाला किलोमीटरमागे १० रुपये लागतात, आपण मंगळावर ७ रुपयांत पोहोचलो, असं ते म्हणाले. त्याआधी जूनमध्ये श्रीहरिकोट्यात त्यांनी 'ग्रॅव्हिटी' या सिनेमाशी तुलना केली होती. २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या वेळी 'इंटरस्टेलर'चा नंबर लागला.

भागाकार बरोबर आहे. पण रिक्षा आणि यान यांचं चालणंच वेगळं आहे.

रिक्षा प्रत्येक किलोमीटरला इंधन जाळते. इंजिन बंद केलं की थोड्या अंतरावर ती थांबते. अंतराळात अडवायला ना हवा, ना रस्ता. १ डिसेंबर २०१३ ला मंगळयानाचं मुख्य इंजिन साधारण २२ मिनिटं चाललं, यान मंगळाच्या वाटेला लागलं आणि त्यानंतर ते इंजिन जवळजवळ ३०० दिवस बंद होतं. मधे दिशा किंचित सुधारायला छोटे थ्रस्टर वापरले, बस. २२ सप्टेंबर २०१४ ला इंजिन ४ सेकंद चालवून पाहिलं आणि २४ तारखेला त्याचाच ब्रेकसारखा वापर करून यान मंगळाच्या कक्षेत शिरलं. म्हणजे खर्च होतो तो वेग मिळवायला आणि नंतर तो कमी करायला. मधलं अंतर जवळपास फुकट. नासाचं व्हॉयेजर-१ तर १९७७ पासून पुढेच चाललंय. रिक्षाच्या हिशेबाने त्याचा किलोमीटरचा 'दर' रोज आपोआप उतरतोय!

मग मंगळयान स्वस्तात झालं कसं? इंजिनिअरचे पगार अमेरिकेपेक्षा कमी, चांद्रयान-१ च्या सांगाड्यावर बेतलेली रचना, २०१२ मध्ये मंजुरी आणि २०१३ मध्ये उड्डाण, ही कारणं आहेतच. पण मोठं कारण म्हणजे यान लहान होतं. त्याच्यावर उपकरणं पाच, सगळी मिळून वजन साधारण १५ किलो. त्याच महिन्यात निघालेल्या नासाच्या मेव्हन यानावर सुमारे ६५ किलोची उपकरणं होती आणि खर्च ६७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे ४,००० कोटी रुपयांच्या वर.

आपल्याकडचं भरवशाचं रॉकेट होतं पीएसएलव्ही. मंगळापर्यंत थेट फेकण्याइतकी ताकद त्यात नव्हती. म्हणून यानाला आधी पृथ्वीभोवतीच फिरवत ठेवलं. झोपाळा जवळ आला की आपण धक्का देतो आणि तो दरवेळी आणखी वर जातो ना, तसं यान पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं. चांद्रयान-३ ला ४० दिवस लागले ते याच पद्धतीमुळे. अपोलो-११ चार दिवसांत चंद्रापाशी पोहोचलं होतं, कारण त्याचं रॉकेट राक्षसी होतं.

ही युक्ती भारीच आहे, त्यात वाद नाही. मंगळयान सहा महिन्यांसाठी बनवलं होतं आणि आठ वर्षं टिकलं, हेही खरं. पण १५ किलोत मावेल तेवढंच विज्ञान होतं. मिथेन शोधायला पाठवलेल्या उपकरणाने मिथेनबद्दल ठोस उत्तर दिलं नाही. पुढे त्याचा वापर मंगळाची जमीन किती प्रकाश परतवते, याचा नकाशा करायला झाला. 'सिनेमापेक्षा स्वस्त' वाल्या मेसेजमध्ये हे कधी येत नाही.

आता खड्डेवाल्या मेसेजकडे येऊ. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अंतराळ विभागाला सुमारे १३,४१६ कोटी रुपये आहेत. एकूण अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वर, म्हणजे सरकारच्या दर १०० रुपयांतले साधारण २६ पैसे. त्यात हवामान आणि संपर्काचे उपग्रहही आले. शिवाय हे पैसे चंद्रावर नेऊन टाकत नाहीत. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिन बनतात, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरचे सांगाडे बनतात. पगार तिथल्या कामगारांच्या खात्यात जमा होतो.

तरीही खर्चाबद्दल प्रश्न विचारायलाच हवेत, आणि लवकरच ते जोरात विचारले जातील. कारण स्वस्ताई संपत आलीय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी रुपये मंजूर केले. चांद्रयान-३ च्या तिप्पट! गगनयान कार्यक्रमाचा आकडा तर २०,००० कोटींच्या पुढे गेलाय. या खर्चाला सिनेमाचं बजेट पुरणार नाही. आजवर मिरवलेली फूटपट्टी तेव्हा आपल्यावरच उलटेल: "आधी स्वस्त होतं, आता एवढं महाग कसं?"

महाग होण्याचं कारण काम अवघड आहे, हे. चांद्रयान-४ ला नुसतं उतरायचं नाही, तिथली माती उचलून परत यायचंय. त्यासाठी एलव्हीएम-३ ची दोन उड्डाणं लागतील आणि यानाचे भाग अंतराळातच एकमेकांना जोडावे लागतील. या जोडणीची पहिली यशस्वी चाचणी इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्स मोहिमेत केली. चंद्राची माती पृथ्वीवर आणणं आजवर अमेरिका, सोव्हिएत संघ आणि चीन या तिघांनाच जमलंय.