लढाई तिकडे, फूट इकडे

२ जानेवारीच्या पहाटे मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या परिसरात माणसं जमतात. १९४३ साली याच दिवशी पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे धारातीर्थी पडले. कोतवाल माथेरानचे, पेशाने वकील. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. कारखाने थंडावले की इंग्रजांची महायुद्धातली लढाई लंगडेल, असा साधा हिशेब होता.

पुढे याच ठाणे जिल्ह्यात लाल बावटा रोवणाऱ्या कम्युनिस्टांचा हिशेब त्या वेळी अगदी उलटा होता. शामराव आणि गोदावरी परुळेकर १९४० मध्ये युद्धविरोधी प्रचारापायी तुरुंगात गेले होते. जून १९४१ मध्ये हिटलर रशियात घुसला आणि कालचं साम्राज्यवाद्यांचं युद्ध कम्युनिस्टांसाठी ‘लोकयुद्ध’ झालं. जुलै १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठली. पुढच्याच महिन्यात ‘चले जाव’ आंदोलन सुरू झालं आणि कम्युनिस्ट बाजूला राहिले. तो डाग धुवायला त्यांना फार वर्षं लागली.

त्याच वर्षी सप्टेंबरात पक्षाने आणखी एक ठराव केला. त्यामागची मांडणी पनवेलच्या डॉ. गंगाधर अधिकारींची. मुख्य वाद पाकिस्तानचा होता, पण स्वयंनिर्णयाचा हक्क असलेल्या लोकसमूहांच्या यादीत बंगाली, तमिळ यांच्यासोबत मराठी माणूसही आला. धर्तीही रशियाचीच. भाषावार प्रांत ही इतरांना सोयीची किंवा अस्मितेची गोष्ट वाटे. कम्युनिस्टांना ती आता थेट सिद्धांतातूनच मिळाली.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि तिथून वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. त्यामुळे फेब्रुवारी १९५६ मध्ये मुंबईसह मराठी भाषकांच्या राज्यासाठी संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली, तेव्हा ठाणे जिल्ह्यात कम्युनिस्टांपाशी नुसता सिद्धांत नव्हता, पाड्यापाड्यांत माणसं होती. १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर शामराव परुळेकर आणि लक्ष्मण मातेरा निवडून गेले.

समितीत समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट सगळेच एका ताटात जेवत होते. १९५९ मध्ये सीमेवर लोंगजू आणि कोंगका खिंडीत चिनी गोळ्या झडल्या आणि ताट हललं. चीनचा निषेध कोणत्या शब्दांत करायचा, यावरून समाजवादी आणि कम्युनिस्टांचे खटके उडू लागले. राज्य मिळणार हे दिसू लागल्यावर तर एकत्र राहायचं कारणही सरत आलं. १ मे १९६० उजाडला; प्रजा समाजवादी समितीतून बाहेर पडले. बेळगाव मात्र महाराष्ट्राबाहेरच राहिलं. १९६२ च्या निवडणुकीत ठाण्यातून शहापूरचे सोनूभाऊ बसवंत काँग्रेसकडून लोकसभेवर गेले. आज शहापुरात त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे.

त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. महिनाभरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य घराघरांत पोचलं. नव्या राज्याचा अभिमान आणि देशाची लढाई एकाच माणसाच्या रूपाने काँग्रेसच्या झोळीत पडली. सीमाभागासाठी भांडणं त्या दिवसांत कुणालाच परवडणारं नव्हतं.

कम्युनिस्ट म्हणून परुळेकर दांपत्य पुन्हा स्थानबद्ध झालं. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव कैदेतच वारले.