ब्रुसेलाची लस आणि रक्ताची साक्ष

सांसर्गिक गर्भपात, म्हणजेच ब्रुसेलोसिस, झालेली गाय किंवा म्हैस बहुधा गाभणकाळाच्या शेवटच्या तिमाहीत गाभडते. वार अडकते, वेत बुडते आणि पुढे जनावर उलटत राहते. जळगाव-धुळ्याकडे दुभते जनावर आठवडी बाजारातून घेण्याची रीत जुनी आहे. तिथून आणलेल्या धडधाकट दिसणाऱ्या एखाद्या गाभण म्हशीबरोबर या रोगाचा ब्रुसेला जिवाणू गोठ्यात शिरू शकतो. कच्चे दूध पिणाऱ्याला किंवा वार उघड्या हातांनी काढणाऱ्याला तो चढउताराचा ताप देतो, सांधे धरतो.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच एस-१९ ही लस टोचतात. नर वासरांना ती देत नाहीत. लसीचा जिवाणू जिवंत, पण निर्बल असतो. त्याची जन्मकथा गमतीची आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत एका जर्सी गायीच्या दुधातून वेगळा केलेला हा जिवाणू प्रयोगशाळेत वर्षभर तसाच पडून राहिला आणि त्याची धार गेली.

लस लागू पडली का, हे रक्त सांगते. लसीआधी आणि साधारण महिन्याने, असे दोनदा मानेच्या शिरेतून रक्त घेतात. नळी तिरपी ठेवली की रक्त गोठते आणि वर फिकट पिवळा रक्तद्रव सुटतो. तो बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जातो.

रोझ बेंगॉल चाचणी सगळ्यांत सोपी. पांढऱ्या फरशीवर रक्तद्रवाचा एक थेंब आणि मेलेल्या, गुलाबी रंगवलेल्या ब्रुसेला जिवाणूंचा एक थेंब काडीने कालवतात आणि चार मिनिटे हलवतात. रक्तद्रवात ब्रुसेलाविरुद्धची प्रतिपिंडे नसतील तर मिश्रण एकसारखे गुलाबी राहते; असतील तर फाटलेल्या दुधासारखे कण दिसू लागतात. एकेका प्रतिपिंडाला जिवाणू धरायला एकाहून अधिक हात असतात, म्हणून गुठळी बनते. प्रमाण मोजायचे तर एलायझा लागते. ९६ खळग्यांच्या ताटलीत आधीच चिकटवलेल्या जिवाणूच्या अंशाला प्रतिपिंडे धरतात आणि किती धरली ते रंगाच्या गडदपणावरून यंत्र वाचते.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. पण ब्रुसेला रक्तात उघडा फिरण्यापेक्षा भक्षक पेशींच्या पोटात दडून बसतो. तिथे प्रतिपिंडे पोचत नाहीत. खरे काम टी-पेशी करतात. त्यांची चाचणीही आहे. ताज्या रक्तात ब्रुसेलाचा अंश मिसळून रात्रभर उबेत ठेवतात आणि पेशींनी सोडलेले गॅमा इंटरफेरॉन मोजतात. मात्र त्यासाठी रक्तातल्या पेशी जिवंत हव्यात, म्हणून नमुना काही तासांत पोचावा लागतो. तालुक्याच्या दवाखान्यातून ते जमणे कठीण. त्यामुळे प्रतिपिंडे दिसली म्हणजे लस अंगी लागली एवढेच म्हणता येते. जनावर सुरक्षित झाले, असे नाही.

दुसरी अडचण अधिक व्यवहारातली. लसीचा जिवाणू आणि रोगाचा जिवाणू यांच्या बाह्य आवरणातली शर्करेची साखळी सारखीच, म्हणून नेहमीच्या चाचणीला दोन्हींची प्रतिपिंडे सारखीच दिसतात. वासरपणी टोचले तर ती बहुतेक जनावरांत वयात येईपर्यंत ओसरतात; उशिरा टोचले तर रेंगाळतात. आठ महिन्यांची मर्यादा त्यासाठीच. आरबी-५१ या लसीच्या जिवाणूच्या आवरणात ती साखळीच नाही, त्यामुळे हा घोळ टळतो. पण माणसाच्या ब्रुसेलोसिसवर देतात त्या रिफाम्पिसिनला तो दाद देत नाही. टोचणाऱ्याच्याच बोटात सुई गेली तर ही बाब महत्त्वाची ठरते. हातमोजे आणि चष्मा दोन्ही लसींना हवेतच.

म्हणून एकाच गुठळीचे अर्थ दोन होतात. सहा महिन्यांपूर्वी टोचलेल्या कालवडीत ती लसीची खूण असू शकते; कधीच न टोचलेल्या, बाजारातून आणलेल्या गायीत ती रोगाची शंका ठरते आणि आणखी तपासणी मागते. प्रयोगशाळेला हा फरक कळतो तो नमुन्यासोबतच्या नोंदीवरूनच. तेव्हा जनावर घेताना त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक आणि लसीची तारीख उतरून घ्यावी.