काडी, गाडी आणि खाडी

मुलांनो, श्रुतलेखनाचा तास कुणाकुणाला आवडतो? फार हात वर येणार नाहीत, ठाऊक आहे मला! बाई सांगतात 'गाडी आली' आणि एखाद्याच्या वहीत उमटतं 'काडी आली'. मग वर्गभर खसखस पिकते. "कान कुठे होते रे तुझे?" असंही कुणी विचारतं. तर आज त्या कानांविषयीच बोलू या.

आधी एक प्रयोग. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरा आणि म्हणा, 'काडी'. आता म्हणा, 'खाडी'. दुसऱ्या वेळी पट्टी जास्त हलली ना? 'ख' म्हणताना जास्त हवा बाहेर पडते, बरं का! आणि 'गाडी'? 'ग' म्हणताना घशातली थरथर लवकर सुरू होते, 'क'च्या वेळी किंचित उशिरा. हा फरक किती? एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यातल्या थोड्याशा भागांएवढा!

कान आवाज पकडतात, पण तो 'क' की 'ग' हे ओळखतो मेंदू. काही मुलांचे कान अगदी ठणठणीत असतात, तपासणीच्या यंत्रातली बारीक शिट्टीही त्यांना ऐकू येते. पण वर्गात पंखा घरघरतोय, बाहेर रिक्षा वाजतेय आणि बाई भरभर बोलताहेत, अशा वेळी त्यांच्या मेंदूची ही निवडानिवड अडखळते. अक्षर म्हणजे तरी काय? आवाजाचं चित्रच. आवाज सुटा करता आला नाही, तर चित्र कशाला जोडायचं? ज्यांना वाचन फार जड जातं (डिस्लेक्सिया हा शब्द तुम्ही ऐकला असेल), त्यांच्यापैकी बऱ्याच मुलांची खरी अडचण ही असते. सगळ्यांची नव्हे. पण आळशीपणा तो नक्कीच नाही.

आता थोडं आई-बाबांसाठी. आधी मुलाचे कान तपासून घ्या. साध्या सर्दीनेही कान दडे बसतात. बोली सावकाश ऐकवणारे संगणकावरचे खेळ १९९०च्या दशकात फार गाजले. पुढच्या तपासण्यांत मात्र त्यांनी वाचन विशेष सुधारल्याचं दिसलं नाही. तेव्हा महागडं काही घेण्याआधी दहादा विचार करा, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकण्यातल्या अशा अक्षमतेला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, हेही माहीत असू द्या.

स्वस्तातला उपाय इंग्लंडमधल्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली मांडला होता. आवाज ओळखण्यात मागे पडणाऱ्या ६५ मुलांचे त्यांनी गट केले आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन वर्षांत ४० वेळा शिकवलं. सर्वांत पुढे कोण गेलं? ज्यांनी सारख्या आवाजाच्या शब्दांचे खेळ खेळले आणि त्याच वेळी प्लॅस्टिकची अक्षरं हाताने जुळवली, ती मुलं!

हा खेळ आपल्याला घरीही जमेल. 'माळ, बाळ, मोर, टाळ' यांतला वेगळा कोण? आणि जेवताना समोरचं 'ताट' घ्या. 'ता' काढून 'पा' लावला की पाट, 'ला' लावला की लाट. वाट, खाट, घाट... प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणा, मग पाटीवर लिहा. बघा बरं, तुमच्या घरी किती होतात!