विहिरीत टीसीएल किती टाकायचं? पोत्यातली पावडर किती जुनी, यावर उत्तर ठरतं

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली आणि ती बातमी देशभर गाजली. पहिल्या फेरीत टँकरचे १० डबे होते, एका डब्यात साधारण ५० हजार लिटर पाणी. समजा, असा एक डबाभर पाणी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करायचं आहे. किती पावडर लागेल? एक पोतं? एक बादली?

उत्तर आहे साधारण १५० ग्रॅम. अट एकच, पावडर ताजी हवी.

ही अट लातूर-नांदेडच्या गावांत दर पावसाळ्यात महत्त्वाची ठरते. विहिरीला नवं पाणी येतं, सोबत आजूबाजूची घाण वाहून येते आणि गॅस्ट्रो, काविळीची भीती सुरू होते. मग ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर टाकतो. बऱ्याचदा ठरलेल्या मापाने, अंदाजपंचे. गडबड इथेच होते.

विज्ञानाच्या पुस्तकात याला द्रावणाची संहती म्हणतात. साध्या भाषेत, किती पाण्यात किती पदार्थ. लातूर आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये नीटची तयारी करणारी हजारो मुलं मोलॅरिटीची गणितं सोडवतात, तो याच हिशोबाचा एक प्रकार. पाणीपुरवठ्यात मात्र मोल कोणी मोजत नाही, कारण आकडा फारच बारीक येतो. तिथे चालतं ते 'मिलिग्रॅम प्रति लिटर', ज्याला पाण्याच्या बाबतीत पीपीएमही म्हणतात. लक्षात ठेवायला सोपं आहे: हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम.

आता खरी विहीर घेऊ. व्यास ६ मीटर, पाणी ४ मीटर खोल. व्यासाचा वर्ग ३६, त्याला खोलीने गुणलं की १४४, आणि पुन्हा ०.७८५ ने गुणलं की ११३ घनमीटर. म्हणजे १ लाख १३ हजार लिटर. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर ११३ ग्रॅम क्लोरीन हवं.

क्लोरीन ११३ ग्रॅम, पावडर नव्हे. चांगल्या ताज्या टीसीएलमध्ये कामाला येणारं क्लोरीन साधारण ३३ टक्केच असतं, बाकी बहुतेक चुन्याचा भाग. त्यामुळे ११३ भागिले ०.३३, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅम पावडर. तीच पावडर उघड्या पोत्यात, ओलीत किंवा मराठवाड्याच्या उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली राहिली तर क्लोरीन उडत जातं. ते २० टक्क्यांवर आलं, तर त्याच विहिरीला ५६५ ग्रॅम लागतील.

'थोडं कमी पडलं तर काय बिघडतं?' असं वाटेल. बिघडतं, आणि वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त. पाण्यातली घाण आधी स्वतःचा वाटा खाते. समजा हा वाटा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे. ताज्या पावडरीने १ मिलिग्रॅम दिलं, तर ०.५ शिल्लक राहतं. जुनी पावडर त्याच ३४० ग्रॅमच्या मापाने टाकली, तर मिळतं फक्त ०.६ आणि उरतं ०.१. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं. पावडरीचा जोर ४० टक्क्यांनी घटला, पण संरक्षण ८० टक्क्यांनी गेलं. माप तेच, पावडरीचा वासही येतोय, आणि पाणी मात्र असुरक्षित.

उलटही घडतं. पावसाने विहिरीतलं पाणी ४ वरून ७ मीटरवर गेलं, तर पाणी पावणेदोन पट झालं. पावडरही तेवढीच वाढवावी लागते. गढूळ पाणी तर आणखी क्लोरीन खातं.

पावडर थेट विहिरीत ओतायची नसते. बादलीत थोड्या पाण्यात तिची लापशी करायची, मग पाणी वाढवून ढवळायचं आणि पाच-दहा मिनिटं थांबायचं. चुना तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं, गाळ बाहेर टाकायचा. तो विहिरीत गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी उपसायचं नाही, जंतू मरायला तेवढा वेळ लागतो. म्हणून हे काम रात्री केलेलं बरं.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. टीसीएल जंतू मारतं, फ्लोराइड काढत नाही. दोन्ही जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड जास्त आढळतं. त्याची मर्यादाही याच एककात असते: १ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. असं पाणी उकळलं तर वाफ जाते, फ्लोराइड मागेच राहतं आणि संहती उलट वाढते.

राहिला प्रश्न, गावात रोज हे गणित बरोबर आलं की नाही हे कळणार कसं? त्यासाठी ओटी टेस्ट आहे. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, आणि रंगाच्या पट्टीशी ताडून किती आहे तेही कळतं. फक्त पाणी टाकीखालच्या नळाचं न घेता गावाच्या शेवटच्या नळाचं घ्यावं. गळक्या पाइपातून घाण शिरली असेल, तर क्लोरीन वाटेतच संपलेलं असतं.