चिनी मातीचा बॅबेल

बायबलच्या जुन्या करारांत बॅबेलच्या मनोऱ्याची कथा आहे. आकाशास जाऊन भिडेल असा मनोरा रचण्याची उमेद माणसांनीं धरली. परमेश्वरानें त्यांच्या भाषेचा गोंधळ उडविला आणि तें बांधकाम अर्धवट राहिलें. तोच मनोरा सन २०१५ च्या सप्टेंबरांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत पुन्हां उभा राहिला, मात्र चिनी मातीचा. उंची सुमारें सहा मीटर, आणि विटांच्या जागीं तीन हजार चिमुकलीं दुकानें!

बार्नबी बार्फर्ड या इंग्रज कलावंताची ही कृति. या गृहस्थानें सायकलवरून हजारांहून अधिक मैल रपेट केली, लंडनचा प्रत्येक टपालविभाग पालथा घातला आणि सहा हजारांवर दुकानांची छायाचित्रें घेतलीं. त्यांतलीं निवडक चित्रें बोन चायनाच्या इवल्याशा इमारतींवर उमटवून भट्टींत पक्कीं केलीं. (या मातींत जनावरांच्या हाडांची राख बरीच असते, हें आमच्या आजीस कळतें तर मनोरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच राहता.)

खरी खुबी रचनेंत आहे. पायथ्याशीं बंद पडलेलीं, ओसाड दुकानें; जों जों वर जावें तों तों भरभराटीचीं; आणि कळसाशीं श्रीमंतांचीं वस्त्रगृहें व चित्रविक्रीच्या पेढ्या. शिवाय हा मनोरा विकावयाचा होता! तळचें दुकान ९५ पौंडांस, शिखरावरचें ६,००० पौंडांपर्यंत. माती एकच, कारागिरी एकच. फरक एवढाच कीं चित्र कोणत्या दाराचें आहे. स्वस्त दुकानें डोळ्यांसमोर, महाग तेवढीं हाताच्या पलीकडे. पाहणारा मनांतल्या मनांत आपली ऐपत चाचपूं लागला कीं त्याची नजर एका ठराविक उंचीवर थांबावयाची, आणि मनोऱ्यांतला आपला मजला त्यास आपोआप कळावयाचा.

यांत घराचा प्रश्न कोठें आला, असें कोणी विचारील. लंडनच्या पुष्कळ रस्त्यांवर खालीं दुकान व वर बिऱ्हाड अशी रीत आहे. जागेचा भाव चढला कीं भाडें चढतें. मग कोपऱ्यावरचा वाणी गाशा गुंडाळतो, आणि पाठोपाठ वरचा भाडेकरूही. तळच्या ओसाड दुकानांचा अर्थ लावण्यास पंडित नको. मुंबईत पागडीचे व्यवहार ज्या कुटुंबांनीं पाहिले आहेत त्यांस तो सहज लागेल.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ओसाड दुकानाची प्रतिमा ९५ पौंडांस घेऊन दिवाणखान्यांत मांडणारा कोण असावयाचा? ज्याचें दुकान बुडालें तो तर नव्हेच. दुसऱ्याचें दिवाळें आपल्या घरची शोभा झालें, हा आक्षेप रास्तच आहे. पण किंमतीची चिठ्ठी उघडपणें लावून कलावंतानें तो आक्षेप स्वतःवर ओढवून घेतला आहे, आणि येथेंच त्याचा उपहास मला सर्वांत तीक्ष्ण वाटतो.

प्रदर्शन १ नोव्हेंबर २०१५ रोजीं संपलें. विकत घेतलेलीं दुकानें ज्याच्या त्याच्या घरीं गेलीं.