श्रावस्तीची सनद

अरण्याने गिळलेली प्राचीन नगरी म्हटली म्हणजे मध्य अमेरिकेतील माया लोकांची तिकाल, कोपान ही नगरे डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि त्यांत आश्चर्य नाही; कारण तिकालची पाषाणी देवालये भग्नावस्थेतही वृक्षांच्या शेंड्यांवरून मान वर काढून उभी आहेत. परंतु लखनौच्या इंदिरा नगरातून निघून, फैजाबाद रस्त्याने बाराबंकी मागे टाकून आणि घाघरा ओलांडून बहराइचमार्गे ईशान्येस सुमारे १७० किलोमीटर गेले असता जी नगरी लागते, तिच्यात आभाळात घुसणारे असे काही नाही. सहेत आणि महेत या दोन नावांनी खेडुतांच्या तोंडी उरलेली ती प्राचीन कोसल देशाची राजधानी श्रावस्ती होय. इंदिरा नगरात आमच्याकडे महाराष्ट्रातून येणारे पाहुणे इमामबाडा, रेसिडेन्सी आणि चिकनच्या कापडाची दुकाने पाहून परत जातात, याची मला मनापासून खंत वाटते.

या गाळाच्या मुलखात दगड नाही. जे बांधावयाचे ते विटेचे. आणि वीट ही अशी वस्तू आहे की, इमारत पडली की तिचे मालकही पडल्यासारखे होतात, ज्याला हवी तो ती उचलून नेतो. म्हणून सहेतला, म्हणजे जेतवन विहाराच्या आवारात, यात्रेकरूला दिसतात ती प्रामुख्याने जोती : भिक्षूंच्या खोल्यांच्या चौकटी, मधला चौक, विहीर, स्तूपांचे पाये. वेरूळच्या कैलासापुढे नुसते उभे राहिले तरी पुरते. येथे मात्र भिंती आपल्या मनाने चढवाव्या लागतात, आणि त्यासाठी कथा ठाऊक असणे आवश्यक आहे.

ती कथा जमीनखरेदीची आहे. सुदत्त नावाच्या, अनाथपिंडिक म्हणून प्रसिद्धी पावलेल्या श्रेष्ठीने बुद्धासाठी राजपुत्र जेत याचे उद्यान मागितले, तेव्हा भूमीवर नाणी अंथरलीस तरच देईन, असे राजपुत्र सहज बोलून गेला. सुदत्ताने ते बोल प्रमाण मानले. प्रकरण न्यायाधिकाऱ्यांपुढे गेले, आणि ज्या अर्थी किंमत बोलली गेली त्या अर्थी सौदा पुरा झाला, असा निवाडा मिळाला. भारहुतच्या स्तूपावरील इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील एका शिल्पात हा प्रसंग कोरलेला आहे : बैलगाडी सोडलेली, माणसे चौकोनी नाणी भूमीवर मांडीत आहेत, आणि श्रेष्ठी हाती झारी घेऊन दानाचे उदक सोडीत आहे. १८३९ साली स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशाने कोपानची भग्न नगरी ५० डॉलरला विकत घेतली. त्या व्यवहाराशेजारी हा व्यवहार ठेवून पाहण्यासारखा आहे. एकाला अवशेष हवे होते, दुसऱ्याला चातुर्मासात भिक्षूंच्या डोक्यावर छप्पर. बुद्धाचे चोवीस-पंचवीस वर्षावास श्रावस्तीच्याच परिसरात गेले, असे परंपरा सांगते.

पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी यात्रेकरू फाहियान आला तेव्हा नगरात जेमतेम दोनशे कुटुंबे उरली होती. जेतवनातील सात मजली मंदिर उंदराने दिव्याची जळती वात तोंडात धरून नेल्याने पेटले, हीही हकीकत त्यानेच लिहून ठेवली. सातव्या शतकात ह्युएन त्संग या दुसऱ्या चिनी यात्रेकरूला बहुतांशी ओसाडीच आढळली. पुढे नगरीचे नावही स्थळावरून पुसले गेले. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने या चिनी यात्रेकरूंच्या वर्णनांवरून सहेत-महेत म्हणजेच श्रावस्ती, असे प्रतिपादन केले. पण व्हिन्सेंट स्मिथसारख्या विद्वानाने ते अमान्य करून श्रावस्ती नेपाळच्या हद्दीत लोटली.

वादाचा निकाल लागला तो एका सनदेने. १९०७-०८ च्या उत्खननात सहेतच्या एका विहारात कनोजचा गाहडवाल राजा गोविंदचंद्र याचा ताम्रपट सापडला. विक्रम संवत ११८६, म्हणजे इसवी सन ११३०, या वर्षी दिलेल्या त्या दानपत्रात जेतवन महाविहारात राहणाऱ्या भिक्षुसंघाला सहा गावे इनाम दिल्याचे नमूद आहे. ओसाड पडल्याचे वर्णन ज्याचे झाले होते, त्या विहारात पाचशे वर्षांनंतरही भिक्षू नांदत होते आणि एक हिंदू राजा त्यांच्या योगक्षेमाची तजवीज करीत होता, हे या पत्र्याने सांगितले. इनामाच्या कागदावरून गावांचा इतिहास लावण्याची ज्यांना सवय आहे, त्या मराठी वाचकांना या पुराव्याचे मोल निराळे समजावून देण्याचे कारण नाही.

जाणाऱ्याने आधी सहेत पाहावे. गंधकुटीच्या, म्हणजे बुद्धाच्या निवासकुटीच्या, पायाशी थायलंड, श्रीलंका, ब्रह्मदेश येथील यात्रेकरू पालीत पाठ करीत बसलेले असतात. त्यांच्यामागे थोडे थांबावे, मग आनंदबोधी म्हणून पूजिल्या जाणाऱ्या पिंपळाकडे वळावे. महेतला, म्हणजे प्रत्यक्ष नगराला, पुष्कळ जण केवळ धावती भेट देतात, हे बरे नव्हे. सुमारे पाच किलोमीटर परिघाचा मातीचा तट, दरोडेखोराचा भिक्षू झालेल्या अंगुलिमालाशी जोडली जाणारी पक्की कुटी, सुदत्ताशी जोडली जाणारी कच्ची कुटी, आणि तीर्थंकर संभवनाथांचे जन्मस्थान मानलेले शोभनाथ मंदिर, हे सर्व तेथेच आहे. कच्च्या कुटीत गुप्तकालीन देवालयाचे अवशेष निघाले आणि रामायणातील प्रसंगांच्या मृण्मय फलकांचे तुकडेही मिळाले. पावसाळ्यात राप्तीचे पाणी या भागात पसरते, म्हणून थंडीचे दिवस निवडावेत. आणि लखनौहून पहाटे निघून संध्याकाळी परतण्याचा हट्ट सोडून एक रात्र तेथील एखाद्या धर्मशाळेत काढावी, म्हणजे तटावरून सावकाश चालावयास सवड मिळते.